थंडगार लाल पेल्याचा इतिहास : बोंडे, साखर, आले आणि बर्फ

१/
अलीकडे उन्हाळ्यात शहरांतील उपाहारगृहांत ‘हिबिस्कस आइस टी’ या नावाचे गर्द लाल, आंबटगोड पेय मिळू लागले आहे. ते घरी करणे अगदी सोपे आहे. कृती या धाग्याच्या शेवटाकडे दिली आहे. त्या पेल्यात मुख्यतः चार वस्तू असतात : एका झाडाची लाल बोंडे, साखर, आले आणि बर्फ. साखर आणि बर्फ यांचा इतिहास व्यापाऱ्यांच्या चोपड्यांत टनांच्या हिशेबाने नोंदलेला आहे. बोंडांचा इतिहास ज्यांनी घडवला त्यांच्या हाती मात्र ना चोपडी होती, ना लेखणी. मग तो वाचायचा कसा? आजचा धागा या प्रश्नाविषयी आहे.

२/
प्रथम झाडाची ओळख. ‘हिबिस्कस’ म्हटले की आपल्यासमोर गणपतीला वाहण्याची जास्वंद उभी राहते. या पेयातील झाड जास्वंदीचे सख्खे भावंड आहे, पण जास्वंद नव्हे. त्याचे शास्त्रीय नाव ‘हिबिस्कस सब्दरिफा’. कार्ल लिनिअसने १७५३ साली ‘स्पेसीज प्लांटारम’ या ग्रंथात ते नोंदवले. मराठीत आपण त्याला लाल अंबाडी म्हणतो. कोकणात आणि गोव्यात आमटीत पडणारे आंबट आंबाडे हे एका वेगळ्याच वृक्षाचे फळ आहे. नावातील साम्यामुळे गल्लत होऊ देऊ नये.

३/
दुसरा गैरसमज फुलाचा. पेयाला लाल रंग येतो तो पाकळ्यांमुळे नव्हे. अंबाडीच्या पाकळ्या फिकट पिवळसर असून त्यांच्या मध्यभागी गडद डाग असतो, आणि फूल एका दिवसातच मिटते. त्यानंतर पाकळ्यांखालचा पेला, ज्याला वनस्पतिशास्त्रात निदलपुंज म्हणतात, फुगतो, मांसल होतो आणि माणकासारखा लाल दिसू लागतो. हीच ती बोंडे. ती खुडून, आतली हिरवी बीजकोशिका काढून वाळवतात. या पेयात चहाचे पानही नसते. म्हणजे ‘फुलांचा चहा’ या नावातील दोन्ही शब्द काटेकोरपणे पाहता चुकीचेच. नावे मात्र इतिहासात फार उपयोगी पडतात, हे पुढे दिसेल.

४/
हे झाड मूळचे कोठले? जुन्या वनस्पतिशास्त्रीय पुस्तकांत त्याचे मूळ स्थान भारतापासून मलेशियापर्यंत दाखवलेले आढळते. आज बहुतेक अभ्यासकांचा कल आफ्रिकेकडे आहे. लागवडीचा आणि वापराचा प्रदीर्घ वारसाही तेथे दिसतो. पश्चिम आफ्रिकेपासून सुदानपर्यंतच्या पट्ट्यात या झाडाचा कोणताही भाग वाया जात नाही. पाने भाजीसाठी, बोंडे पेयासाठी, बिया आंबवून मसाल्यासाठी आणि खोडाची साल दोरासाठी. असे सर्वांगीण ज्ञान एका पिढीत तयार होत नसते.

५/
आता त्या पट्ट्यातील नावे पाहा. सेनेगालमध्ये या पेयाला ‘बिसाप’ म्हणतात, नायजेरियात ‘झोबो’, घानामध्ये ‘सोबोलो’, आणि सुदान व इजिप्तमध्ये ‘कर्कदे’. इजिप्तमध्ये लग्नसमारंभात पाहुण्यांच्या हाती कर्कदेचा पेला देण्याची रीत आहे. सुदानमध्ये बोंडे थंड पाण्यातच कित्येक तास भिजत घालतात. पेय गार करण्यासाठी बर्फ लागतोच असेही नाही. नाईलच्या काठी ‘झीर’ नावाचे मातीचे मोठे रांजण असतात. त्यांच्या अंगातून पाणी पाझरते, वाऱ्याने उडून जाते आणि आतले पाणी गार होते. आपल्या माठाचे तत्त्व तेच. ‘थंडगार’ हा गुण या पेयाला बर्फाने दिलेला नाही.

६/
युरोपीय लेखणीत हे झाड प्रथम कधी उतरले? फ्लेमिश वनस्पतिशास्त्रज्ञ माथियास द लोबेल याने १५७६ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. १६८७ मध्ये जावा बेटावर त्याची पाने खाल्ली जात असल्याची नोंद मिळते. परंतु आपल्याला ज्या प्रवासात रस आहे तो अटलांटिक महासागरावरचा आहे. सतराव्या शतकात हे झाड ब्राझीलमध्ये पिकत होते आणि १७०७ च्या सुमारास जमैकात. आफ्रिकेतील झाड समुद्रापलीकडच्या बेटावर पोचले ते कोणाच्या हातून?

७/
या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक आकडा समोर ठेवावा लागतो. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांत सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी माणसांना गुलाम म्हणून जहाजांत कोंबले गेले. त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख माणसे अमेरिका खंडांत आणि कॅरिबियन बेटांत जिवंत उतरली. बाकीची वाटेत मेली. एकट्या जमैकात सुमारे दहा लाख माणसे उतरवली गेली. या जहाजांची नावे, कप्तान, बंदरे आणि ‘मालाची’ संख्या आजही कागदोपत्री सापडते. माणसे मात्र त्यांत केवळ आकड्यांच्या रूपाने येतात.

८/
इतकी माणसे कित्येक आठवड्यांच्या प्रवासात जगवायची तर अन्न हवे. ते जहाजमालक आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच विकत घेत असत : कोनफळासारखे याम नावाचे कंद, तांदूळ, बाजरी, चवळी. ज्युडिथ कार्नी आणि रिचर्ड रोझोमॉफ या अभ्यासकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, आफ्रिकेतील कितीतरी पिके याच शिधासामग्रीबरोबर अटलांटिक ओलांडून गेली. जहाजावर धान्य आणले ते मालकाने. पण उरलेले बी ओळखणे, जपणे, पेरणे आणि त्यापासून पदार्थ करणे हे ज्ञान ज्यांच्यापाशी होते, ती माणसे जहाजाच्या तळघरात साखळदंडांत होती.

९/
जमैकात उतरल्यावर ही माणसे उसाच्या मळ्यांत राबत. मळेवाल्यांना त्यांच्या जेवणावर खर्च नको होता. म्हणून त्यांनी उसाला निरुपयोगी अशी डोंगरउताराची जमीन गुलामांना स्वतःचे अन्न पिकवण्यासाठी सोडली. इतिहासकार तिला ‘शिधाजमीन’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. सहा दिवस मालकाचे काम करून उरलेल्या वेळात गुलाम येथे कंद, भेंडी, चवळी, तूर पिकवत. जास्तीचा माल ते रविवारच्या बाजारात विकत. मालकाच्या दृष्टीने ही काटकसर होती. गुलामांच्या दृष्टीने बेटावरची हीच एक जागा होती, जेथे काय पेरायचे हे ते स्वतः ठरवू शकत.

१०/
येथे आपल्या ओळखीची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तूर हे मूळचे भारतीय पीक. ते फार पूर्वी हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेत गेले आणि तेथून गुलामांबरोबर कॅरिबियन बेटांत. जमैकात तुरीच्या दाण्यांना ‘गुंगो पीज’ म्हणतात, म्हणजे काँगोचे दाणे. नाताळच्या जेवणात नारळाच्या दुधातील तुरीचा भात आणि सोबत अंबाडीच्या बोंडांचे लाल पेय, हा जमैकन घरांतला आजही रूढ असलेला बेत आहे. आपली तूर तेथे काँगोच्या नावाने ओळखली जाते, कारण तिला तेथे नेणारे हात आफ्रिकेचे होते.

११/
बोंडांच्या बाबतीतही नावच पुरावा देते. फ्रेंच भाषेत या झाडाला ‘गिनीची आंबट भाजी’ अशा अर्थाचे नाव आहे. गिनी म्हणजे पश्चिम आफ्रिकेचा किनारा, जेथून गुलामांची जहाजे सुटत. इंग्रजांच्या बेटांत त्याला ‘सॉरेल’ हे नाव पडले. सॉरेल ही वास्तविक युरोपातील एक आंबट पालेभाजी. नव्या झाडाची चव तशीच आंबट लागली, म्हणून जुने नाव चिकटले. दोन्ही नावे युरोपीय भाषांतली आहेत. पण एक नाव झाड कोठून आले ते सांगते, तर दुसरे ते चाखणारा परका कोण होता ते सांगते.

१२/
अशा परक्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध हान्स स्लोन. हा डॉक्टर जमैकाच्या गव्हर्नरचा वैद्य म्हणून १६८७ मध्ये बेटावर आला आणि सुमारे पंधरा महिने राहिला. या काळात त्याने शेकडो वनस्पतींचे नमुने वाळवले आणि टिपणे केली. त्याच्या जमैकाविषयक ग्रंथाचा पहिला खंड १७०७ मध्ये, तर दुसरा १७२५ मध्ये निघाला. पुढे त्याच्याच संग्रहातून १७५३ मध्ये ब्रिटिश म्युझियमची स्थापना झाली. स्लोनच्या पत्नीकडे जमैकातील मळ्यांचे उत्पन्न येत असे. म्हणजे ज्या संग्रहालयात आपण जगाचा इतिहास पाहतो, त्याच्या पायात गुलामांच्या श्रमाचा पैसाही आहे.

१३/
स्लोनसारख्या निसर्गसंशोधकांना झाडांची माहिती देणाऱ्यांत आफ्रिकी माणसे होती. कोणते पान खावे, कोणते टाळावे, कशाने ताप उतरतो, हे त्यांनी सांगितले. ग्रंथावर नाव छापले गेले ते डॉक्टरांचे. यावरून इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक सवय लावून घ्यावी. एखाद्या वस्तूचा ‘पहिला उल्लेख’ सापडला की, ती वस्तू त्या वर्षी सुरू झाली असे समजू नये. पहिला उल्लेख एवढेच सांगतो की, लिहिता येणाऱ्या माणसाचे लक्ष तिकडे त्या वर्षी गेले.

१४/
आता दिनदर्शिकेचा पुरावा. अंबाडी हे ‘लघुदिवसी’ झाड आहे. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय त्याला फूल येत नाही. त्यामुळे उत्तर गोलार्धात बोंडे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भरतात. जमैकातील गुलामांना वर्षातली सर्वांत मोठी सुट्टी मिळे ती नेमकी नाताळात, दोन-तीन दिवसांची. त्या दिवसांत मुखवटे घालून, ढोल वाजवून ‘जॉनकानू’चे खेळ होत. झाडाचा हंगाम आणि माणसांची सुट्टी एकाच वेळी आली, आणि लाल पेय नाताळचे झाले. त्यासाठी कोणी फर्मान काढले नाही, की कोणी त्याची नोंद केली नाही. पण आजही जमैकात नाताळ आणि सॉरेल यांची फारकत होत नाही.

१५/
ही सुट्टी केवळ खेळण्याची नव्हती. सगळे एकत्र जमू शकत असल्याने ती बोलण्याची आणि ठरवण्याची वेळही होती. २७ डिसेंबर १८३१ रोजी जमैकाच्या पश्चिम भागात उसाच्या मळ्यांना आगी लागल्या. सॅम्युएल शार्प या गुलाम धर्मोपदेशकाने मांडणी साधी केली होती : नाताळ संपल्यावर मजुरी मिळाल्याखेरीज कामावर परतायचे नाही. पाहता पाहता त्याचे बंड झाले. सुमारे साठ हजार माणसे त्यात ओढली गेली. बंड निर्दयपणे चिरडले गेले आणि मे १८३२ मध्ये शार्पला फाशी देण्यात आली.

१६/
या बंडाने लंडनला हादरा दिला. १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला आणि तो १ ऑगस्ट १८३४ पासून अंमलात आला. तेव्हा जमैकात सुमारे ३ लाख ११ हजार गुलाम होते. सरकारने २ कोटी पौंडांची नुकसानभरपाई मंजूर केली. ती मिळाली गुलामांच्या मालकांना! राबलेल्या माणसांना एक छदामही मिळाला नाही. उलट १८३८ पर्यंत ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्यांना जुन्याच मालकांकडे काम करावे लागले. भरपाईच्या दाव्यांचे कागद नीट जपून ठेवलेले आहेत. पेल्यातल्या साखरेचा हिशेब इतका पक्का आहे.

१७/
साखरेविषयी येथेच दोन शब्द. बोंडे इतकी आंबट असतात की, गोडाशिवाय त्यांचे पेय घशाखाली उतरत नाही. उसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या प्राचीन भारताची. ‘शर्करा’ हाच शब्द फारसी आणि अरबीतून युरोपीय भाषांत गेला. कोलंबसने १४९३ मधील दुसऱ्या सफरीत ऊस कॅरिबियन बेटांत नेला. आलेही आशियातलेच. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी ते त्या बेटांत लावले. सॉरेलमध्ये आले आणि लवंग घालण्याची चाल याच आशियाई मालाच्या प्रवासातून आली. ज्या साखरेपायी माणसे गुलाम झाली, तीच त्यांच्या सणाच्या पेयाला गोडी देत होती, हे सत्य कडू असले तरी नजरेआड करता येत नाही.

१८/
पेय पुढे कोठे कोठे गेले, याचा माग पुन्हा नावांवरूनच लागतो. मेक्सिकोत याच बोंडांना ‘फ्लोर दे हमाइका’ म्हणतात, म्हणजे जमैकाचे फूल. ‘आग्वा दे हमाइका’ हे तेथील घरोघरचे थंड पेय आहे. १८९९ मध्ये ग्वादलाहाराच्या बाजारात वाळलेल्या बोंडांच्या मोठाल्या टोपल्या पाहिल्याचे एका अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने नोंदवले. बेटावरील एका मळ्याचेही नाव आज मेक्सिकोतील सामान्य माणसाच्या तोंडी नाही. पण बेटाचे नाव तो रोज एका पेल्याच्या निमित्ताने घेतो.

१९/
पनामाचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. तेथे स्पॅनिश बोलतात, पण या पेयाला ‘सारिल’ म्हणतात. हा शब्द म्हणजे इंग्रजी ‘सॉरेल’चे स्पॅनिश वळणाचे रूप. तो तेथे आला १९०४ ते १९१४ या काळात, पनामा कालवा खोदण्यासाठी कॅरिबियन बेटांतून गेलेल्या मजुरांबरोबर. एकट्या बार्बाडोस बेटावरून सुमारे वीस हजार माणसे करारावर गेली होती. गुलामांच्या या नातवंडा-पतवंडांनी जगाचा व्यापारी मार्ग बदलणारा कालवा खोदला, आणि मागे तेथील भाषेत एका पेयाचे नाव ठेवले.

२०/
राहिला बर्फ. त्याचा नायक बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर. फेब्रुवारी १८०६ मध्ये त्याने गोठलेल्या तळ्यातील बर्फ जहाजात भरून मार्टिनिक या कॅरिबियन बेटाकडे पाठवला. लोकांनी त्याला वेड्यात काढले, आणि पहिल्या सफरीत तोटाही झाला. पुढे कर्जापायी त्याला तुरुंगवास घडला. तरी त्याने नाद सोडला नाही. भुश्श्यात बर्फ दडपला की तो कमी वितळतो हे त्याने हेरले. १८२५ मध्ये त्याचा सहकारी नॅथानिएल वायेथ याने घोड्याने ओढायचे बर्फ कापण्याचे यंत्र बनवले आणि धंदा तेजीत आला. मार्टिनिक हेही उसाचे आणि गुलामांचे बेट होते. तो बर्फ बेटावरील धनिकांच्या पेल्यांसाठी होता. बोंडे पिकवणाऱ्यांच्या वाट्याचा नव्हता.

२१/
योगायोग असा की, ज्या १८३३ मध्ये लंडनमध्ये गुलामगिरीबंदीचा कायदा झाला, त्याच वर्षी ट्यूडरचा बर्फ हिंदुस्थानात पोचला. मे महिन्यात ‘टस्कनी’ हे जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले आणि सप्टेंबरमध्ये कलकत्त्याला लागले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. लवकरच मुंबई आणि मद्रास येथेही हा बर्फ येऊ लागला व तो साठवण्यासाठी बर्फघरे उभी राहिली. मद्रासचे बर्फघर आजही ‘विवेकानंदर इल्लम’ या नावाने उभे आहे. मुंबईचे काळाच्या ओघात नाहीसे झाले. १८७८ मध्ये कलकत्त्यात बेंगॉल आइस कंपनी स्थापन झाली आणि यंत्राने बनलेल्या बर्फापुढे बोस्टनच्या बर्फाचा टिकाव लागला नाही.

२२/
आता दोन्ही धागे शेजारी ठेवून पाहा. बर्फाच्या जहाजाचे नाव, सुटण्याचा महिना, वजन, वितळलेले टन, सारे आपल्याला ठाऊक आहे. बोंडांचे पहिले बी कोणी पेरले, ती बाई होती की पुरुष, कोणत्या गावची, हे कोणत्याही कागदात नाही. तरीही त्या व्यक्तीने जे केले ते टिकले, आणि तेवढेच खरे टिकले. तळ्यातील बर्फाचा व्यापार संपून शंभरहून अधिक वर्षे लोटली. बोंडे मात्र दरवर्षी डिसेंबरात भरतात, आणि त्यांना त्याच जुन्या नावांनी हाक मारली जाते. कागद नसला तरी नाव, हंगाम आणि हाताची सवय या तिन्ही गोष्टी साक्ष देऊ शकतात. त्या एकमेकींशी जुळल्या तर ती साक्ष भक्कम ठरते.

२३/
आता कृती. वाळलेली बोंडे २५ ग्रॅम घ्यावीत आणि धूळ निघेपर्यंत थंड पाण्याने धुवावीत. एक लिटर पाणी उकळून खाली उतरवावे. त्यात बोंडे, बोटाच्या पेराएवढे ठेचलेले आले आणि दोन-तीन लवंगा घालून झाकण ठेवावे. जमैकाच्या पद्धतीने हे रात्रभर मुरू देतात; घाई असेल तर अर्धा तास पुरे. गाळून त्यात ८० ते १०० ग्रॅम साखर विरघळवावी आणि पेय पूर्ण गार करावे. पेला बर्फाने अर्धा भरून वर हे पेय ओतावे. सुदानची पद्धत हवी असल्यास उकळायचेच नाही : गार पाण्यात सहा ते आठ तास बोंडे भिजवावीत. ही चव अधिक हलकी लागते.

२४/
दोन सूचना. बोंडे आम्लधर्मी असल्याने ॲल्युमिनियमचे किंवा कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे वापरू नये. काच किंवा स्टील उत्तम. गर्भवती स्त्रियांनी आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी नेमाने पिण्याआधी डॉक्टरांना विचारावे. शिवाय एक गंमत करून पाहण्याजोगी आहे. पेयाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो. चमचाभर पेयात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की तो लाल रंग पालटून निळसर-हिरवट होतो. लिंबू पिळले की पुन्हा लाली येते. असा प्रयोग घरातील लहान मुलांना जरूर दाखवावा.

२५/
बोंडांसाठी महागड्या दुकानात जाण्याची गरज नाही. विदर्भात आणि मराठवाड्यात अंबाडीची भाजी भाकरीबरोबर खाल्ली जाते, तिच्या सालीच्या वाखाचे दोर वळले जातात, आणि लाल बोंडांची चटणी व सरबतही होते. आंध्र-तेलंगणात हीच पाने ‘गोंगुरा’ या नावाने मानाने वाढली जातात. म्हणजे उपाहारगृहात परदेशी नावाने विकत घेतलेला पेला अनेकांच्या आजीच्या परसातलाच असतो. आपल्याकडेही या झाडाचा इतिहास बखरीत किंवा दफ्तरात शोधून फारसा हाती लागणार नाही. तो स्वयंपाकघरांत, बांधावर आणि बोलींत आहे.

२६/
म्हणून धागा संपवताना एक काम सुचवतो. घरातील किंवा गावातील वडीलधाऱ्यांना विचारा : या बोंडांना तुमच्याकडे काय म्हणतात, ती कोणत्या महिन्यात खुडतात, त्यांचे काय करतात, आणि हे तुम्हाला कोणी शिकवले? उत्तर गावाच्या आणि तालुक्याच्या नावासह खाली लिहा. जमैकातील ज्या माणसांना असे कोणी कधी विचारले नाही, त्यांचा इतिहास आपल्याला आज एका नावावरून आणि एका हंगामावरून जुळवावा लागतो. आपल्याला विचारण्याची सोय आहे आणि उत्तर देणारी माणसे अजून समोर आहेत. पेला गार होईपर्यंत एवढे विचारून होईल.